तेजस्वीचा केळीचा पाठ

आमच्या अध्यापक विद्यालयात तेजस्वी आली आणि माझी झोप उडाली. सांडोरची पोरगी, घरी केळीची वाडी, वडील हरेश्वर रोज वसईच्या बाजारात केळी घेऊन जाणारे. हातात पेन्सिल असल्याशिवाय ही काही वाचायचीच नाही. पटलं नाही की समासात प्रश्नचिन्ह! पहिल्याच आठवड्यात तिने मी लावलेली सूचना वाचली: 'आज गैरहजर असलेल्यांनी ही सूचना आजच वाचावी.'

"जयवंत सर," ती म्हणाली, "ते गैरहजर आहेत, तर वाचणार कसे?"

अख्खा वर्ग खिदळला. मी तिला वर्गाबाहेर काढलं आणि पाच मिनिटांनी मलाच हसू आवरेना म्हणून परत आत घेतलं.

बाकीच्या भावी शिक्षकांचं मात्र बरं होतं. मागच्या वर्षीचं पाठाचं टाचण मिळवायचं, उतरवायचं, खाली आपलं नाव टाकायचं आणि माझी सही घ्यायची. मेंढरामागे मेंढरू. मीही सही ठोकायचो, न वाचता.

परीक्षेच्या पाठासाठी तेजस्वीच्या वाट्याला 'केळी' आली, इयत्ता तिसरी. टाचण घेऊन ती थेट माझ्या टेबलाशी. "सर, यात लिहिलंय की केळीच्या एकाच झाडाला दरवर्षी घड लागतो. चूक आहे. एकदा घड काढला की ते झाड संपलं, मग बाजूचा कोंब वाढतो. आणि चित्रात घडातल्या केळ्यांची टोकं खाली दाखवलीत. ती वर वळतात."

मी वैतागलो. "टाचणात आहे तेच शिकव. परीक्षक टाचण हातात घेऊन बसतात. नापास झालीस तर वर्ष जाईल, आणि जूनमध्ये शाळेत मिळणारी जागाही."

तिने टाचणाच्या समासात एक प्रश्नचिन्ह काढलं आणि निघाली. ही वाद न घालता जाते म्हणजे काहीतरी शिजतंय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

परीक्षेच्या दिवशी जवळच्या शाळेत, तिसरीच्या वर्गावर, तिने तेच वाक्य फळ्यावर लिहिलं, तेच चित्र टांगलं आणि मुलांना विचारलं, "हे खरं आहे का? कशावरून?"

झालं! जीना नावाची चिमुरडी चक्क बाकावर चढली. "खोटं! आमचे आजोबा घड काढला की झाड तोडतात. मी बघितलंय!"

"एकदाच बघितलंस?"

"दर वेळी!"

"चित्रातली केळी उलटी आहेत!" दुसरी ओरडली.

"वेगळ्या जातीची असतील तर?" तेजस्वीने विचारलं.

मग तर विचारूच नका. कोणी म्हणे आमच्या वाडीत तीन जाती आहेत, तिन्हींची टोकं वर. कोणी डब्यातलं केळं काढून दाखवलं, तर त्यावरून काही सिद्ध होतं का, यावरून दोघी भांडल्या. मी मागच्या बाकावर तोंडात रुमाल कोंबून हसत होतो.

परीक्षक हसले नाहीत. पाठ संपल्यावर त्यांनी गुणपत्रिका माझ्यापुढे सरकवली, सही करा म्हणून. मी पेन टेकवलं आणि काय वाटलं कोण जाणे, वाचली. पन्नासपैकी बावीस. पास व्हायला पंचवीस हवेत. 'प्रश्न विचारण्याचे कौशल्य', दहापैकी शून्य.

"साहेब, तिने अकरा प्रश्न विचारले. मी मोजलेत."

"टाचणातला एकही नाही."

"टाचणच चुकीचं आहे."

"कोणी लिहिलंय ते?"

बारा वर्षांपूर्वी तुळिंजच्या फ्लॅटमध्ये बसून, जन्मात केळीची वाडी न बघता, ते पहिलं टाचण मीच लिहिलं होतं. इतकी वर्षं पोरं मलाच उतरवत होती.

"मी," म्हणालो.

परीक्षकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा फळ्याकडे, आणि शून्य खोडून नऊ लिहिले. "दहा देणार होतो, पण मुलीला बाकावर चढू दिलं तिने," म्हणाले. आता मात्र तेही हसत होते.

तेजस्वी व्हरांड्यात नखं कुरतडत उभी होती. "एकतीस. पास!" म्हटल्यावर तिने अशी किंकाळी फोडली की शेजारच्या वर्गातले गुरुजी धावत बाहेर आले.

मी टाचण तिच्यापुढे धरलं. "आता बस इथे. यात आणखी काय काय चुकलंय, ते मला शिकव."

ती बसली. संध्याकाळपर्यंत आणखी सात चुका निघाल्या.