विलासचा कच्चा भात

आमची कंपनी तेव्हा काश्मीरमध्ये, वरच्या एका पोस्टवर होती. सेक्शनमध्ये भंडाऱ्याचे दोघे: कारध्याचा मी आणि कोंढ्याचा विलास. भरती एकाच दिवशी, ट्रेनिंगही एकत्र. नायकाची फीत मात्र त्याला आधी मिळाली. मी हात मिळवला. मनातून जळलो.

त्या सकाळी पेट्रोल ०५१५ ला निघालं. सर्वांत पुढे स्काउट म्हणून मी जाणार होतो. हवालदार साहेबांनी ऐनवेळी बदल केला.

"विलास, आगे."

तेही मला झोंबलं. ०५४० ला नाल्याच्या वळणावर फायर आला. रेडिओ माझ्याकडे होता.

"स्काउट को गोली लगी है. ओव्हर."

"हालत?"

मी बटण दाबलं. "नहीं रहा, सर."

शवपेटीबरोबर मला कोंढ्याला पाठवलं. पुण्यानुमोदनाच्या विधीपर्यंत सुट्टी मिळाली. पहिले दोन दिवस त्या घरात कोणी बोललं नाही. विलासच्या मायच्या पोटात अन्न नव्हतं. तिसऱ्या दुपारी विलासची बहीण एकदम म्हणाली, "धानाच्या रोवण्याच्या वेळी दादाच्या पँटीत बेडूक घुसला होता, आठवते का?"

कोणीतरी हसलं. मग काकाने एक सांगितलं, मग विलासच्या बायकोने. मायने दोन घास खाल्ले. मी भिंतीशी बसून होतो. नऊ वर्षं त्याच्या शेजारच्या खाटेवर मी झोपलो, आणि विलास सगळा यांचाच! मला कोणी विचारतही नव्हतं.

मायचं लक्ष गेलं. "तू काहून चूप बसून राहिला, बापा? तुयाजवळचा विलास सांग ना."

मी सांगितलं. उंचावर भात शिजत नाही. विलास म्हणाला, भंडाऱ्याच्या माणसाले भात शिकवता का? तीन तास शिजवला. कच्चाच राहिला. हार मानायची नाही म्हणून पातेलंभर एकट्याने खाल्ला आणि रात्रभर पोट धरून ड्युटी केली.

माय हसली. हसता हसता रडली. तेव्हा मी उरलेलंही बोललो.

"माय, त्या दिवशी पुढं मी जाणार होतो. त्याले पाठवलं म्हणून मी जळत होतो."

मायने माझ्यापुढे ताट सरकवलं.

"आपल्याच माणसावर जळते माणूस. जेव."

आता मी रिटायर आहे. दरवर्षी त्या तारखेला कोंढ्याला जातो. भाताची गोष्ट आता माय सांगते, स्वतः चुलीपाशी उभी असल्यासारखी. तिच्या गोष्टीत भात पाच तास शिजतो. मी दुरुस्त करत नाही. तेवढे दोन तास विलास जास्त राहतो.