मालकाला ओळखणारी जात

मंडळी, कुठल्या घराला कुठला कुत्रा शोभेल, हे तुम्ही मला नेहमी विचारता. आज मात्र मीच तुम्हाला विचारतेय.

मी तळेगावात कुत्र्यांचं पाळणाघर चालवते. सकाळी मळवलीच्या एका बंगल्यावर बोलावणं होतं. मालक मुंबईचे, अधूनमधून येणारे. त्यांचा जर्मन शेफर्ड, बादल, काल त्यांच्यावरच गुरगुरला.

"जातच चुकली," मालक म्हणाले. "याला घेऊन जा, आणि मालकाला ओळखणारी जात सुचवा."

बंगला सांभाळणाऱ्या मावशी मधे पडल्या. "सायेब, तुमी येता कदीमदी, त्यो वळखंल कसा? ऱ्हाऊ द्या की हितंच, मी बगते त्याचं."

"नको. नवीन आणला की दोघं भांडतील."

बादल गाडीत लगेच चढला आणि एका कडेला सरकून बसला. त्याला वाटलं, मावशीपण येणार.

आत्ता तो माझ्या फाटकाशी बसलाय. जेवण तसंच पडलंय. एवढा मोठा कुत्रा आता कुणी नेणार नाही.

मालकांचा मेसेज आलाय, "लॅब्राडोर चालेल का?"

नको म्हटलं तर दुसऱ्या कुणाला विचारतील. पिल्लू येणारच, आणि मावशी त्यालाही जीव लावणार.

सांगा, काय उत्तर देऊ?