घटक चार सगळ्यात वर

आमच्या कॉलेजच्या पोर्टलवर अर्थशास्त्राचा पेपर उघडला की पहिल्यांदा घटक चार दिसायचा. त्याच्याखाली एक, मग दोन, मग तीन. विभागप्रमुखांनीच तसं लावायला सांगितलं होतं, आणि त्या माणसाचा मला आजही राग आहे. लिहून तो कमी होईल असं मला वाटत नाही, आणि व्हावा अशी इच्छाही नाही.

मी सिंधुदुर्गातली. आई गेली आणि धाकट्या भावंडांचं रांधणं-वाढणं माझ्या गळ्यात आलं, तेव्हा नववीतून शाळा सुटली. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल होत्या त्या मॅडम मूळच्या वर्ध्याच्या. भावंडं हाताशी आल्यावर त्यांच्या आजारी आईला बघायला मी त्यांच्या घरी राहू लागले. पुढे त्यांना स्वतःच्या जिल्ह्यात, या कॉलेजात नोकरी मिळाली, तेव्हा त्यांनी आईबरोबर मलाही इकडे आणलं. पिपरी मेघेला त्यांचं घर, आणि घरामागची एक खोली माझी. आजी वारल्या तेव्हा मी पिशवी भरायला घेतली होती. मॅडमनी ती रिकामी करायला लावली. लॅपटॉपवर मराठी टाइप करायला शिकवलं, प्राचार्यांकडे शब्द टाकला आणि मला कॉलेजात कंत्राटावर ऑपरेटर म्हणून लावून दिलं.

एवढं सख्ख्यांनीही केलं नसतं, हे मी रोज स्वतःला सांगत असे. आणि रोज घाबरत असे. काम गेलं असतं तर मी रस्त्यावर आले नसते. मॅडमच्या स्वयंपाकघरात परत गेले असते, कायमची. सकाळी ओढणीला पिन लावून घराबाहेर पडायचं आणि कामाच्या म्हणून मिळालेल्या खुर्चीवर जाऊन बसायचं, माझं म्हणावं असं तेवढंच होतं माझ्याकडे.

काम सांगायला सोपं होतं. प्राध्यापकांकडून नोट्स, व्हिडिओ, चाचण्यांचे प्रश्न घ्यायचे आणि पोर्टलवर घटकवार लावायचे. विद्यार्थी मोबाइलवरून आत येणार, वाचणार, चाचणी देणार, आणि त्यावर अंतर्गत गुण मिळणार. प्राध्यापकांना हे पोर्टल नको होतं. पोर्टलला शिव्या देऊन उपयोग नाही म्हणून त्या माझ्या वाट्याला यायच्या. एकजण वहीच्या पानांचे आडवे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायचे, प्रत्येकात त्यांचा अंगठा. एकांनी दिलेल्या पेनड्राइव्हमध्ये पुतणीच्या हळदीचा व्हिडिओ निघाला, आणि तो मी पाहिला म्हणून तेच माझ्यावर चिडले. एक प्राध्यापिका तर म्हणाल्या, माझ्या वीस वर्षांच्या मेहनतीच्या नोट्स अशा फुकट वाटायला तुले काऊन बसवलं इथं. आमच्या बाजूला ‘का’ला ‘काऊन’ असं कोणी म्हणत नाही. इथे आल्यावर सुरुवातीला मला तो शब्दच भांडणाचा वाटायचा. नंतर कळलं की इथले लोक प्रेमानेही ‘काऊन’ म्हणतात. कॉलेजात मात्र माझा पहिला समज बरोबर होता.

पोर्टल शिकवायला नागपूरहून एक गृहस्थ आले होते. त्यांनी कुलपाची सोय दाखवली. वरचा घटक पूर्ण करून त्याची चाचणी पास झाल्याशिवाय खालचा घटक उघडणार नाही. प्राचार्य खूश झाले. पोट्टे निदान क्रमानं वाचतील, म्हणाले, आणि सगळ्या विषयांना कुलूप लावायचा हुकूम निघाला. मी लावलं.

अर्थशास्त्राचा पेपर तीन प्राध्यापकांत वाटलेला होता. शेवटचा घटक, चौथा, विभागप्रमुखांकडे होता. एक दिवस ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि पडद्याकडे बोट करून म्हणाले, “माझं खाली काऊन टाकलं?”

मी म्हटलं, सर, चौथा घटक आहे म्हणून.

“नंबर नको सांगू मले. कार्यक्रमाच्या फ्लेक्सवर कोणाचं नाव वर राह्यते?”

मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे खरं सांगते. आमच्या गावात लग्नपत्रिकेत कुणाचं नाव कुणाच्या वर छापलं यावरून दोन घरं एकमेकांच्या दारात जात नाहीत. मोठ्याचं वर, हे मला शाळेत न जाताही माहीत होतं. मी घटक चार माउसने धरला आणि ओढून सगळ्यात वर नेऊन ठेवला. बाकीचे दोन प्राध्यापक तिथेच होते, ते गालात हसले. कुलपाची आठवण सरांना झाली नाही, त्या दोघांना झाली नाही आणि मलाही झाली नाही. संध्याकाळी मॅडमना मी फ्लेक्सची गोष्ट सांगितली तेव्हा त्या पोळी हातात धरून हसत बसल्या होत्या.

थोड्याच दिवसांत माझ्या खिडकीवर पोरं जमू लागली. पेपर उघडत नाही, चाचणीत सारखे नापास दाखवतं, ताई तुम्ही आमचं वर्ष खाऊन राह्यल्या. मला काही समजत नव्हतं, मी आपली परत परत लॉगिन करायला सांगत होते. शेवटी पुलगावहून रेल्वेने येणारी एक मुलगी आली. तिने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला आणि लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. चार पास झाल्याशिवाय एक उघडत नाही. आणि एक, दोन, तीन वाचल्याशिवाय चारची उत्तरं येत नाहीत. मग तिने विचारलं, “कोणी लावलं हे असं?”

मी म्हटलं, मी.

“दिसतेच,” ती म्हणाली आणि गेली.

प्राचार्यांच्या खोलीत बैठक झाली. मॅडमही होत्या, कारण पोर्टलची देखरेख ग्रंथालयाकडे होती. विभागप्रमुखांनी चहाचा घोट घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “नववी नापास पोरगी बसवली आपण त्या कामावर. दुसरं काय होणार?”

मी नापास झाले नव्हते. मी परीक्षेला बसलेच नव्हते. पण हे तिथे कसं सांगणार? बाकीचे दोन प्राध्यापक बशीतल्या बिस्किटांकडे बघत राहिले. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांना सगळं माहीत होतं.

“सरांची माफी माग,” मॅडम म्हणाल्या, “आन विषय संपव.”

मी माफी मागितली. सरांनी मोठ्या मनाने मान हलवली.

कुलूप निघालं. घटक चार मात्र वरच राहिला, तो खाली घ्या असं म्हणायची हिंमत कोणाला झाली नाही. आता पोरांना वाटेल ते उघडता येत होतं, आणि पोरं सरांचा घटक ओलांडून सरळ खाली जायची. कोणी काय उघडलं हे पोर्टल दाखवतं. प्राचार्यांनी प्रत्येकाच्या घटकाचा अहवाल मागितला तेव्हा सरांच्या नावापुढे जवळजवळ काहीच नव्हतं.

त्यानंतर एका दुपारी सर आले. बाहेर ऊन असं होतं की व्हरांड्यात कुत्रंही नव्हतं. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि मला ‘बाळा’ म्हणाले. वर्षभरात त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नव्हती. म्हणाले, फक्त माझ्या घटकाचं कुलूप परत लाव. कोणी विचारलं तर सिस्टीममधून झालं म्हणून सांगजो.

मी म्हटलं, “सर, हे मॅडमसमोर सांगाल का?”

त्यांचा चेहरा पूर्वीसारखा झाला. “तुले इथं कोणी आणलं ते ध्यानात ठेव. तिलेच सांगतो मी.”

सांगितलंच त्यांनी. संध्याकाळी मी कणीक मळत होते आणि मॅडम ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या. सर म्हणतात तसं कर, म्हणाल्या, माझ्या शब्दावर बसली तू तिथं. मी विचारलं, मुलं परत खिडकीवर आली की? तेव्हा पाहू, म्हणाल्या. तेव्हा काय पाहणार ते मी एकदा बघितलं होतं.

“इतकं जड जात असेल तर घरी राह्य,” मॅडम म्हणाल्या. “मले काई तू जड नाई.”

हे त्या रागाने म्हणाल्या असत्या तर मी इतकी घाबरले नसते. त्या मायेने म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी जाऊन मी आधी कुलूप परत लावलं. पोर्टलवर काही बदल केला की विद्यार्थ्यांना सूचना देता येते. एरवी ती चौकट मी रिकामीच सोडत असे. त्या दिवशी लिहिलं: अर्थशास्त्र विभागप्रमुखांच्या सूचनेनुसार घटक चार पूर्ण केल्याशिवाय इतर घटक उघडणार नाहीत. अडचण असल्यास विभागप्रमुखांना त्यांच्या कक्षात भेटावे. ऱ्हस्व-दीर्घ नीट तपासलं, नाहीतर त्यावरूनही नववी निघाली असती. मग पाठवून दिलं. ते विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर गेलं, त्या दोन प्राध्यापकांच्या गेलं आणि प्राचार्यांच्याही गेलं.

पोरं माझ्या खिडकीवरून पुढे गेली. सरांच्या कक्षातून येणारे आवाज मला ऐकू येत होते. मी मान खाली घालून दुसऱ्या विषयाच्या नोट्स लावत बसले, आणि काय लावलं ते आता विचाराल तर सांगता येणार नाही.

प्राचार्यांनी बोलावलं तेव्हा सर आधीच उभे होते. कोणाच्या परवानगीनं टाकलं हिनं, असं विचारत होते. प्राचार्यांनी त्यांनाच उलट विचारलं, सूचना तुमची होती का? एवढ्यावर माझी खुर्ची टिकून होती. सर नाही म्हणाले असते तर माझ्याकडे काहीही नव्हतं. पण ते दोन प्राध्यापक मागोमाग आत आले. माझ्यासाठी आले नव्हते ते. त्यांचे घटक पुन्हा बंद पडले होते आणि अहवाल त्यांनाही द्यायचा होता. पहिल्यापासून हे सरांनीच वर घ्यायला लावलं, आमच्यासमोर, असं ते बोलून गेले. एवढ्या दिवसांनी.

“मी तोंडी बोललो होतो,” सर म्हणाले. “हिनं ते लिहून टाकलं.”

प्राचार्यांनी कुलूप काढायला लावलं आणि घटक आकड्याप्रमाणे लावायला सांगितले. चार खाली गेला. यापुढे प्रत्येकाने बदल लेखी द्यायचा, असं ठरलं. माझं कंत्राट वाढलं, कारण ते काम दुसऱ्या कोणालाच नको होतं.

मॅडम आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मी केलेलं जेवायच्या, ताट उचलून न्यायच्या. मग एक दिवस म्हणाल्या की बहिणीचा मुलगा शिकायला येतो आहे, मागची खोली लागेल. तो खरंच आला की नाही, मी विचारलं नाही. सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स असलेल्या एका बाईबरोबर मला खोली मिळाली.

निघाले त्या दिवशी मॅडम दारात उभ्या होत्या. मी वाकून नमस्कार केला तर त्यांनी पाय मागे घेतले. मी म्हटलं, मॅडम, तुमचे उपकार मी विसरणार नाही. मनापासून म्हटलं होतं, आजही तसंच म्हणेन.

“ते बी टाकून दे पोर्टलवर,” त्या म्हणाल्या. “सगळ्यायले दिसू दे.”

ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. मी गादी आत कोंबली आणि उरलेल्या जागेत बसले.