सोडियम नसलेल्या तीन रात्री

हे मी अजून कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. तुम्ही माझे कोण लागता? कोणी नाही — म्हणून तर सांगू धजते आहे.

आधी थोडं आकाशाचं सांगावं लागेल, नाहीतर मी काय केलं ते कळायचं नाही. उल्का म्हणजे आपल्याला दिसते तेवढी रेघ नव्हे. डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळ रोज येऊन जळत असते, जमिनीपासून नव्वदेक किलोमीटरवर. तिच्यातलं लोखंड, मॅग्नेशियम, सोडियम तिथेच सुटं होऊन राहतं. सोडियम खाली उतरताना हवेतल्या वायूंशी जुळत जुळत चक्क खायचा सोडा होतं — भज्यांत घालतो तोच — आणि उल्कांच्याच धुराच्या कणांना चिकटून संपतं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वेडी झाले होते. निरगुडसरसारख्या खेड्यातल्या मुलीने आभाळातला सोडा मोजायचा, केवढी ऐट!

जुन्नरकडच्या एका माळावर आमचं छोटं केंद्र होतं. तिथून पिवळा लेझर वर सोडायचा. सोडियमचे अणू त्याच रंगात चमकून उत्तर देतात. पण रंग तंतोतंत हवा. तो जुळवायला यंत्रात सोडियम भरलेली एक काचेची नळी सतत गरम ठेवावी लागे. नळी गार पडली की रंग सरकतो, आणि वर सोडियम असूनही यंत्र म्हणतं, नाही.

यंत्र महादूभाऊ सांभाळायचे. लोणी गावचे. वडिलांच्या मागे मेंढरं विकली, यांनी आयटीआय केलं आणि आमच्याकडे कंत्राटावर लागले. रात्रीची हकीगत ते रोज एका कागदावर मराठीत लिहून फाईलला लावत. आमच्या सरांना, म्हणजे माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शकांना, मराठी वाचता येत नसे. सकाळी मी तो कागद वाचून इंग्रजीत कॉम्प्युटरवर चढवायची. म्हणजे महादूभाऊंचं म्हणणं सरांपर्यंत जायची वाट एकच होती — मी.

एका हिवाळ्यात सलग तीन रात्री सोडियम जवळजवळ दिसेनासं झालं. माझा प्रबंध नेमका तेच म्हणत होता, की धुराचे कण सोडियम फार झपाट्याने गिळतात. चार वर्षं मी ह्याच आकड्यांची वाट बघत होते. आणि महादूभाऊंचा कागद म्हणत होता: 'शेतीची लाईट या आठवड्यात रात्रीची. सगळ्या मोटरी एकदम चालू. व्होल्टेज पडले, नळी गार. आकडे धरू नये.' तिन्ही दिवस तेच.

मला समजलं नाही असं म्हणू? आमच्याच विहिरीवर मोटर आहे. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री — वीज कशी येते हे मी लहानपणापासून बघते आहे. मी ती नोंद इंग्रजीत चढवलीच नाही. इतकं सोपं होतं ते.

त्या आकड्यांवरचा माझा पेपर छापून आला, पाठ थोपटली गेली. वर्षभराने दुसरीकडच्या लोकांना तसं काहीच सापडेना, तेव्हा सरांनी मूळ कागद मागवले. आदल्या दिवशी — इथे अजूनही जीभ अडते — मी ते तीन कागद फाईलमधून काढून घरी नेले आणि पाणी तापवायच्या बंबात घातले. त्याच पाण्याने मी अंघोळ केली आणि केंद्रावर गेले.

चौकशीत नळी गार पडली होती हे निघालं; पण फाईलमध्ये त्या रात्रींचे कागद नाहीत, म्हणजे महादूभाऊंनी लिहिलेच नाहीत, असं ठरलं. पेपर मागे घेतला गेला. मला सगळ्यांची सहानुभूती मिळाली, आणि महादूभाऊंना घरी बसवलं.

ते गेटपाशी थांबले होते. "ताई, मी लिवलं व्हतं ना ओ? तीनी दिस लिवलं. तुमीच वाचायच्या की. सायबाला सांगा ना."

"मला आठवत नाही, भाऊ."

"आसं कसं आठवत न्हाई?" ते ओरडले. मी वॉचमनकडे बघितलं. वॉचमनने त्यांना बाहेर काढलं, आणि मला हायसं वाटलं. भीती होती, पण नुसती भीती नव्हती. त्यांचं खोटं पडणं मला चालणार होतं.

मागच्या वर्षी आळेफाट्यावर नाशिकच्या गाडीची वाट बघत होते. शेजारच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून हात पुसत महादूभाऊ आले. केस पांढरे झालेले. चहा घेतल्याशिवाय सोडेनात.

"तवा लई भांडलो ताई तुमच्याशी," ते म्हणाले. "गावात समदी म्हनायची, ह्यानं काम केलं न्हाई आन वर खोटं बोलतोय. मी आपला लिवलं, लिवलं म्हनत व्हतो. पर आता मलाच वाटतंय, नसंलच लिवलं. डोक्यातच लिवलं आसंल. आता कुटलंबी काम केलं की दोनदा बघतो, भरवसाच न्हाई सोताचा. तुमी राग नका धरू."

तेव्हा सांगता आलं असतं. आम्ही दोघंच होतो, गाडीला वेळ होता.

"होतं असं, भाऊ," मी म्हणाले, आणि चहा संपवला.