दाते काकांचा चौक

शनिवारी सकाळी दाते काकांचा फोन यायचा. "चल, चौकात जाऊन येऊ." म्हणजे त्यांना आणि सुमनकाकूंना मॉलमध्ये न्यायचं. आमच्या शुगर लँड गावच्या उन्हात बाहेर चालण्याची सोय नाही, इथली वयस्कर माणसं मॉलमध्येच फेऱ्या मारतात. मोतीबिंदूनंतर काकांनी गाडी सोडली, तेव्हापासून ड्रायव्हर मी, त्यांची शेजारीण. आठवडाभर ऑफिसात माझा पिट्टा पडलेला असायचा. खरं सांगायचं तर पुष्कळदा मी कंटाळतच जायचे.

चौक म्हणजे प्रागचा जुना चौक. निवृत्तीनंतर दोघं तिथे जाणार होते. पण काकूंना पार्किन्सन्स झाला आणि डॉक्टरांनी लांबचा विमानप्रवास बंद केला. मग काकांनी चौकच मॉलमध्ये मांडला. आधार एकच, गराज सेलच्या जुन्या सामानात मिळालेली चौकाची एक स्लाइड, प्रोजेक्टरवर बघायची पारदर्शक फिल्म. जन्मभर पाइपलाइनची ड्रॉइंग तपासलेल्या माणसाला तेवढी पुरली. बुटांच्या दुकानाच्या जागी घड्याळाचा मनोरा, कारंज्याच्या जागी यान हुसचा पुतळा. "चर्चविरुद्ध बोलला म्हणून जिवंत जाळला याला," हे काका दर शनिवारी तितक्याच संतापानं सांगायचे. आणि घड्याळासमोर उभं राहिलं की डाव्या हाताला दोन मनोऱ्यांचं, टीन नावाचं चर्च.

बरोबर अकराला व्हीलचेअर बुटांच्या दुकानासमोर थांबायची.

"घड्याळावरच्या सांगाड्यानं दोरी ओढली बघ. खिडक्या उघडल्या. निघाले येशूचे बारा शिष्य. सहाशे वर्षांचं घड्याळ आहे, सुमन!"

काकू बोटांवर मोजायच्या. "आज अकराच आले."

"एक जण सिक लीव्हवर आहे. आता चर्च बघ."

काकूंची मान आखडली होती. डावीकडे वळवताना त्यांचा चेहरा कसनुसा व्हायचा. एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, चर्च उजवीकडे घ्या ना. इमॅजिनच करायचंय, काय फरक पडतो?"

"पडतो. चौक आपल्या सोयीनं फिरवायचा नसतो. डीटेल म्हणजे डीटेल."

"असू दे गं," काकू म्हणाल्या, "बघते मी." आणि हळूहळू मान वळवून त्यांनी पाहिलं. मला काकांचा रागच आला होता, पण इतक्या निष्ठेनं बायकोला जग दाखवणारा दुसरा माणूसही मी पाहिलेला नाही.

सहा वर्षं हे चाललं. मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या. वसंतात एकोणऐंशी वर्षांचे काका एकटे प्रागला निघाले. एअरपोर्टवर मीच सोडलं. "बघून येतो, तिला सांगायचंय," एवढंच म्हणाले.

दोन दिवसांनी सकाळच्या मीटिंगमध्ये त्यांचा फोन आला. तिकडे दुपार होती, मागे गर्दीचा आवाज येत होता.

"घड्याळासमोर उभा आहे."

"कसं आहे, काका?"



"चर्च उजवीकडे आहे गं. ती स्लाइड फ्रेममध्ये उलटी बसवलेली होती, उजवं ते डावं दिसायचं. मी तपासली नाही."

"जाऊ द्या, काका. काकूंना काय त्याचं?"

मागे टोले पडायला लागले. लोक ओरडत होते, बहुतेक शिष्य निघाले असावेत.

"उजवीकडे तिची मान नीट वळायची," काका म्हणाले.