नको म्हटलेलं प्यादं

टेलरकाकांचं मशीन थांबायचं, पण तोंड थांबायचं नाही. त्या तोंडानंच घात केला. लेकीच्या लग्नात व्याही, म्हणजे रिटायर पोस्टमास्तर, सहज म्हणाले, "कोट जरा घट्ट झालाय." कोट काकांनीच शिवलेला. काका म्हणाले, "कोट मापातच आहे हो, पोटानं बढती घेतलीय." चारचौघं खो खो हसली. मास्तर म्हणाले, "यापुढे तुमच्याकडचा सुतळीचा तोडासुद्धा घेणार नाही." तेव्हापासून दोघांत अबोला, आणि लेकीचं मधल्या मध्ये भरीत.

आणि गावच्या बुद्धिबळ स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत नेमके हेच दोघे समोरासमोर. सकाळी लेक म्हणाली, "बाबा, जिंकलात तर ते फुगतील, हरलात तर तुम्ही. माझं माहेरी येणं मग कायमचं बंद."

"मग काय, डाव टाकून देऊ?"

"असं कुठं म्हणाले मी?"

काकांचा डाव सगळ्या गावाला पाठ. दुसऱ्याच खेळीला एक प्यादं फुकट पुढं करायचं, समोरच्यानं ते मटकावलं की त्याच्यावर तुटून पडायचं. कापड कापल्याशिवाय सदरा होतो का, असं त्यांचं या गॅम्बिटचं तत्त्वज्ञान. त्यांनी प्यादं पुढं केलं. मास्तरांनी त्याकडं पाहिलं, नाक मुरडलं आणि उंट काढला. शपथ म्हणजे शपथ, व्याह्याचं प्यादंही नको! फुकटचं नाकारणारा गडी काकांना पहिल्यांदाच भेटला. हल्ला करायचा कुणावर?

दुपार कलली. पटावर दोन राजे आणि एकमेकांना नाक लावून अडलेली प्यादी उरली. इकडचा राजा एक घर जाई, परत येई, तिकडचाही तसाच. हॉल रिकामा झाला. पंच म्हणाले, "कोणीतरी बरोबरी मागा हो. मला घर आहे."

पण मागायची म्हणजे बोलायचं, आणि आधी बोलला तो हरला. काकांनी वर पाहिलं. लेक दाराला टेकून उभी होती. पाय दुखत असणार, पण बसली नव्हती. काकांनी घसा खाकरला.

"मास्तर, बरोबरी घेता का?"

मास्तरांनी हात पुढं केला. "घेतो."

हात सुटेना. मास्तर म्हणाले, "व्याही, ते प्यादं मी घेतलं असतं तर काय केलं असतंत?"

"मार खाल्ला असतात."

"मी? दाखवा बरं."

दोघे सोंगट्या मांडायला लागले. पंचांनी किल्ल्या वाजवल्या. लेकीनं त्या त्यांच्या हातातून घेतल्या, म्हणाली, "तुम्ही निघा, कुलूप मी लावीन," आणि खुर्ची ओढून बसली.