काच उतरवायला जागा

माझा पुतण्या विद्यापीठासाठी काच फुंकतो. रसायनशास्त्राच्या प्रयोगांना ज्या वाकड्यातिकड्या नळ्या आणि फुगे लागतात, ते तो ज्योतीवर तापवून तोंडाने फुंकून घडवतो. घरात त्याला आम्ही फुंक्याच म्हणतो. हात लोण्यासारखा हलका आणि डोकं भट्टीसारखं तापलेलं, असा हा माणूस. मी शिकलो गावच्या शाळेत. तिथे मास्तरांची सायकल भिंतीला टेकली की गाड्या लावायचा प्रश्न मिटला. त्यामुळे फुंक्या रोज संध्याकाळी गाडी लावायच्या जागेवरून दातओठ खायचा तेव्हा मला हसू यायचं. एके दिवशी स्वतः गेलो आणि हसू गिळलं.

त्याची कार्यशाळा आधी विद्यापीठातच होती. ती पाडून तिथे सभागृह बांधलं आणि याला धाडलं बारा किलोमीटर लांब एका शेडमध्ये. आता प्रत्येक नग गाडीतून न्यायचा. नाजूक काम असलं की मला मागच्या सीटवर बसवून मांडीवर देतो. सात नातवंडं सांभाळलेली मांडी, तिला काचेचं काय भय?

त्या दिवशी मांडीवर होती चार फुटी नळी, एका संशोधक पोरीसाठी. महिनाभर थांबून तिला मोठ्या यंत्रावर अकराची पाळी मिळाली होती. ती हुकली तर पुन्हा महिना. आम्ही साडेआठला फाटकात शिरलो.

तिथे प्राध्यापकांना हिरवं स्टिकर, त्यांच्या गाड्या दाराशी. बाकीच्यांना पिवळं, त्यांच्या गाड्या दीड किलोमीटरवरच्या मैदानात. इमारतीसमोर सामान उतरवायला एक जागा आहे, पण पंधरा मिनिटांपुरती. पंधराची सोळा झाली की नोटीस, आणि तिसऱ्या नोटिशीला स्टिकर वर्षभर रद्द. फुंक्याच्या दोन झाल्या होत्या. कारण त्याची एक रीत आहे. काचेत कुठे ताण राहिला असेल तर तापल्यावर ती फुटते. तो ताण बघायची त्याच्याकडे एक पेटी आहे. अंधारात तिच्यातून पाहिलं की ताणाच्या जागी उजळ पट्टे दिसतात. वाटेतल्या हादऱ्यांनंतर, घेणाऱ्याच्या डोळ्यांदेखत ही तपासणी होऊन सही झाल्याशिवाय तो काच सोडत नाही. याला लागतो अर्धा तास.

इमारतीच्या बाजूला सगळ्यांना खुल्या अशा मोजक्या जागा आहेत, त्यांतली एक मिळावी म्हणून आम्ही घिरट्या घालू लागलो. किल्ल्या खुळखुळवत येणाऱ्या एका बाईंच्या मागे गोगलगायीसारखे गेलो, तर त्यांनी गाडीतून डबा काढला आणि परत फिरल्या. दाराजवळची एक जागा पाहुण्यांसाठी राखलेली, मधोमध प्लास्टिकचा शंकू. मी तासाभरात सहा वेळा पाहिली; पाहुणा नाही, नुसता शंकू. सहाव्या वेळी फुंक्याने त्या शंकूला जी शिवी दिली ती मी सत्तर वर्षांत ऐकली नव्हती.

रखवालदार भला माणूस. म्हणाला, कॅमेरा वेळ मोजतो, माझ्या हातात काही नाही. मग समजुतीने सुचवलं, पंधरा मिनिटांत देऊन मोकळे व्हा, तपासतील त्यांचं ते.

फुंक्याने गाडीच बंद केली. आवाज चढवला नाही, तेव्हा मीच घाबरलो.

"न तपासता दिली आणि तिच्या तोंडासमोर फुटली," तो म्हणाला, "तर डोळे काय तुमचा कॅमेरा देणार?"

रखवालदार बाजूला झाला. फुंक्याने गाडी वळवली ती थेट पिवळ्या मैदानात नेली आणि पोरीला फोन केला, इथेच ये. पांढऱ्या कोटात धापा टाकत आली बिचारी, बरोबर एक मैत्रीण. गाडीची डिकी उघडली, आत ती पेटी मांडली, अंधारासाठी वर माझी घोंगडी ओढली आणि आत काकापुतण्यांसकट चार डोकी खुपसली. बाहेरून काय दिसलं असेल देव जाणे. नळी निर्मळ निघाली. सही झाली, दोघी नळी उचलून जपून निघाल्या. पाळी साधली.

त्या दिवसापासून फुंक्याचा नियम झाला: काच पिवळ्या मैदानात मिळेल. विभागप्रमुख तणतणले. शेवटी स्वतःच्या गाडीने आले, काच घेऊन परतले, तोवर त्यांची हिरवी जागा कुणीतरी पटकावलेली. पाऊण तास फिरले म्हणे, मांडीवर काच घेऊन. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पार्किंग समितीला पत्र लिहिलं आणि आठवड्यात पाटी लागली: काच उतरवण्यासाठी, एक तास.

मी म्हटलं, चला, मिटलं. फुंक्या लालबुंद.

"याच पाटीसाठी माझे अकरा अर्ज गेलेत काका. तीन वर्षांत अकरा."

तो तसाच समितीच्या कचेरीत गेला, मी मागोमाग. कारकुनाने कपाट धुंडाळून गठ्ठा काढला. अकराही पाकिटं बंद, एकाचंही तोंड फोडलेलं नव्हतं. फुंक्याने ती अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली आणि समोरची खुर्ची ओढली.

"वाचा," तो म्हणाला. "मी बसलोय."

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, दारात मी उभा. मग त्यांनी पहिलं पाकीट फोडलं. चौथ्याला त्यांचा चष्मा खाली आला, सातव्याला त्यांनी पाणी मागवलं. अकरावं वाचून होईपर्यंत फुंक्या हलला नाही.